मारुतीच्या हारातल्या अळ्या

रुई कोणी पेरत नाही, ती उकिरड्यावरही आपोआप उगवते, असं आम्ही सगळे शहाणे समजत होतो. इंदुमतीमावशीने ती पेरली, तेव्हा हिंदी मुलखातल्या या शहरात खंडेराव गेटच्या आमच्या गल्लीने तिला वेड्यात काढलं.

मावशी मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायची. ती निवृत्त झाली त्याच वर्षी, सत्त्याऐंशी साली, नगरपालिकेने गल्लीमागचं मैदान साफ करून तिथे दुकानं बांधली. मैदानातली रुई गेली आणि तिच्यावर येणारी तांबूस, काळ्या काठाची फुलपाखरंही. त्यांच्या अळ्यांना रुईचाच पाला लागतो. मावशीने संतापून अर्ज केले. उत्तर आलं नाही. मग ती बसने गुरसरायच्या वाटेवर गेली, बी वाऱ्यावर उडून जाऊ नये म्हणून रुईची बोंडं उकलायच्या आत दोऱ्याने बांधून आली आणि पंधरवड्याने जाऊन बिया घेऊन आली. पावसाळ्यात त्या परसातल्या भिंतीशी पेरल्या. रोप हलवलं की मूळ दुखावतं, म्हणून जिथल्या तिथे वाढवल्या. शेजारची जानकी रुईला आक म्हणे; ती म्हणायची, "दीदी, आक लगाने से घर उजड़ता है." मावशी तिला चहा द्यायची आणि झाडांना पाणी घालायला जायची.

तिसऱ्या उन्हाळ्यात पानांखाली अळ्या दिसल्या, काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या. मावशीने मला हाताला धरून नेलं आणि एकतीस मोजून दाखवल्या. चार दिवसांत कोष करतील, म्हणाली. तिला इतकं खुश मी कधी पाहिलं नव्हतं.

आणि मी काय केलं? हनुमान जयंतीला आमच्या मराठी मंडळाचा मारुतीला रुईच्या पानांचा हार असतो. मैदान गेल्यापासून पानं मिळेनात आणि मंडळाचा चिटणीस मी. मावशी पेन्शनच्या कामासाठी इलाइट चौराह्याला गेली होती. बबिन्याच्या लष्करी छावणीतून हाराच्या कामाला आलेल्या दोन मराठी जवानांना मीच परसाचं दार उघडून दिलं. मोठी, न कुरतडलेली पानं घ्या, म्हणालो. अळ्यांचं लक्षातच आलं नाही, असं मी पुढे सगळ्यांना सांगत आलो. साफ खोटं आहे ते. अळ्या झटकून टाका, असंही मीच म्हणालो होतो.

मावशी परतली तेव्हा उघड्या फांद्यांतून चीक गळत होता. ती तडक देवळात आली आणि तिने मूर्तीच्या गळ्यातला हार उतरवला. पुजारी हबकून म्हणाला, "माताजी, चढ़ा हुआ हार नहीं उतारते."

तिने पानं उलटून पाहिली. पाच अळ्या अजून चिकटून होत्या.

"रामकृष्ण," ती सगळ्यांदेखत मला म्हणाली, "मारुतीने मागितली होती का रे पानं? यांना मात्र हीच लागतात."

झाडांवर पानच उरलं नव्हतं, म्हणून हार तिने परसात टांगला. दुसऱ्या दिवशी पानं सुकली. एकाही अळीचा कोष झाला नाही. मावशी त्यानंतर सहा वर्षं जगली, पण माझ्याशी बोलली नाही.

आता तिच्या परसात मीच रुई पेरतो. फुलपाखरं येतात. गेल्या जयंतीला मंडळाचा नवा चिटणीस दारात आला. पानं हवी होती. मी म्हटलं, अळ्या आहेत.

"तो क्या हुआ काका, झटक देंगे," तो सहज म्हणाला.

माझेच शब्द, फक्त हिंदीत. मी दार त्याच्या तोंडावर लावलं, कडी घातली आणि भिंतीशी जाऊन बसलो. राग आला होता, पण तो त्या पोरावरचा नव्हता.