अवसेआधीचे प्रस्थान
पंचांगात पौषी अमावास्या दिसली, की घाटंजीतील एक सकाळ मनात उजाडते. कापसाच्या पडत्या भावाने गाव खिन्न झाल्याची ती वर्षे होती. शेजारच्या शेतकऱ्याची कन्या पुण्याकडच्या रेडिओ दुर्बिणीवर एका तेजोमेघाचा अभ्यास करीत असे. निरीक्षणासाठी तिला मिळालेली वेळ अमावास्येच्या दुसऱ्याच दिवशी होती. ती चुकली तर पुन्हा वर्षभर थांबणे आले. गाडीचे तिकीटही अमावास्येचेच मिळाले होते. वडील मात्र अडून बसले होते. "गुरुजी, अवसेले पोरीले घराबाहेर कशी धाडू?" तिने एक चित्र माझ्यापुढे ठेवले. मधला तारा दोन्ही अंगांनी वायूचे झोत सोडतो, त्यांनीच हा मेघ डमरूसारखा घडवला, आणि धुळीआडचे हे रूप रेडिओलहरींतून कळते, असे ती म्हणाली. "लोकाईच्या रेडिओवर गाने लागते, हिच्या रेडिओवर तारे लागून राह्यले!" तिची आई हसली. मी मात्र त्या डमरूला नकळत हात जोडले. मग पंचांग पाहून म्हणालो, "आज त्रयोदशी, दिवस शुभ आहे. हिच्या सामानातले एक गाठोडे प्रस्थान म्हणून आजच माझ्या घरी आणून ठेवा. मग ती अवसेला निघाली, तरी प्रवास आजच सुरू झाला असे शास्त्र मानते." सायंकाळी वडील स्वतः तांदूळ, सुपारी आणि ते चित्र फडक्यात बांधून दारी आले. "ठेवा, गुरुजी. निंघाली आमची पोरगी." गाठोडे मी देवाजवळ ठेवले. आयुष्यभर अनेकांना मुहूर्त काढून दिले. इतके समाधान मात्र फार थोड्या वेळा लाभले.