भागूमावशीचा बट्टा

"बट्टा लागंल? मंग नगं बाबा!" म्हणत भागूमावशीनं काउंटरवरचे रुपये झपकन ओच्यात ओढले.

विलायती नाणी हवी असतील तर थोडा बट्टा लागेल, एवढंच तर मी म्हणालो होतो!

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. आमच्या प्रवासी कंपनीचं लोणावळ्यात काउंटर होतं. बंगलेवाल्यांना आगबोटीची तिकिटं आणि परदेशी पैसे द्यायचे, हे काम. क्लार्क मी एकटाच. हंगाम सरला की दिवसदिवस कुणी फिरकायचं नाही. खोलीवरही वाट पाहणारं कुणी नव्हतं. खोटं कशाला सांगू, रडू यायचं.

मावशी जवळच्या कुरवंडे गावची. विधवा, मूलबाळ नाही, दिराच्या घरात राहायची. एका साहेबाच्या बाळाची आया होती. मडम तिला बाळाबरोबर लंडनला नेणार होती.

"अहो मावशी, आम्ही विलायती पैसा स्वस्त घेतो, महाग विकतो. मधला फरक तो बट्टा. नावाला लागतो तो वेगळा!"

"त्यो लावाया गाव टपलंच हाय. गोऱ्यांसंगं समिंदर वलांडती म्हंत्यात." मग तिनं ओच्यातले रुपये चाचपले. "पर भाऊ, काम सरलं की आयांना तितंच सोडून देत्यात म्हनं. मंग म्या कुटं जाऊ? तितली नाणी गाठीला पायजेत."

गाठीला होतंच किती! त्यात आमचा बट्टा. पण धंद्यातली एक गंमत मला ठाऊक होती. परदेशी नाणी परत कुणी घेत नाही. बँक नाही, आम्हीही नाही. घेतो फक्त नोटा. इथल्याच तुंगार्लीचे एक वकील नुकतेच विलायतेहून आले होते आणि उरलेली शिलिंगं घेऊन आमच्याकडून चरफडत परत गेले होते. त्यांना बोलावलं. वर्तमानपत्रात छापलेल्या दरानं दोघांनी माझ्यासमोर अदलाबदल केली. बट्टा शून्य.

नेमके त्याच दिवशी मुंबईहून मॅनेजर आलेले.

"यात कंपनीला काय मिळालं?"

"आशीर्वाद, साहेब."

"ते कॅशबुकात कुठे लिहू?"

पुढच्या हंगामात मावशी दारात उभी. पार वाळलेली. भीती खरी ठरली होती. लंडनला पोचल्यावर मडमेनं लवकरच तिला कामावरून काढून टाकलं. त्या नाण्यांवर ती खाऊनपिऊन राहिली, विचारत विचारत तिथं अडकलेल्या आयांना ठेवून घेणाऱ्या घरी पोचली. मुंबईला निघालेल्या एका कुटुंबानं तिला आया म्हणून बोटीवर घेतलं, तेव्हा सुटली.

"मराठी कानावर न्हाई, भाऊ. बोली इसरू नये म्हून एकलीच आमच्या बैलांची नावं घ्यायची."

तिनं उरलेली नाणी पुढे केली. परदेशातून निघताना नाणी तिथेच खर्चून टाकावीत, हा या धंद्यातला साधा नियम. तिला सांगायला मीच विसरलो होतो. मी खिशातून रुपये दिले.

"बट्टा न्हाई काटला?"

"नाही."

ती जाईना.

"जावंनं माजं ताट येगळं केलंय. पाण्याला शिवू देत न्हाई. ह्यो बट्टा काडाया किती पडत्याल, भाऊ?"

दर सांगणं हीच माझी नोकरी. हा दर आमच्या कुठल्याच तक्त्यात नव्हता. मी चहा मागवला, एकाच किटलीतला, दोघांना. घरी जायची घाई तिलाही नव्हती, मलाही नव्हती.