शैलाताईची बुटांची पिशवी

मेघाचा फोन आला तेव्हा मी आखातातल्या हमरिया बंदरावरच्या आमच्या वेअरहाऊसमध्ये कंटेनर उघडून घेत होतो. ती म्हणाली, "लगेच घरी या. ताईंना बेसमेंटमध्ये गाडीनं उडवलंय." कुणाच्या गाडीनं, मी विचारलं. बायको म्हणाली, "मिलिंदच्या." मिलिंद म्हणजे आमच्याच बिल्डिंगमधला, तिसऱ्या मजल्यावरचा, अकरा वर्षं माझ्या सोफ्यावर पाय पसरून मॅच बघणारा माझा मित्र. मोबाइलवर मेसेज वाचत त्यानं गाडी रिव्हर्स घेतली आणि माझी मोठी बहीण, शैलाताई, खांब आणि गाडीच्या मध्ये चिरडून जागीच गेली. मी अल कुसैसला घरी पोचलो तेव्हा खांबावरचं रक्त अजून ओलं होतं. तिचा चष्मा चाकाखाली होता. पोलिसांनी मिलिंदला त्यांच्या गाडीत बसवलं होतं आणि मी त्या गाडीच्या काचेवर बुक्क्या मारत होतो, असं मागाहून मला सांगितलं. हात कसा सुजला ते मला आठवत नव्हतं.

ताई दर हिवाळ्यात तीन महिने आमच्याकडे येई. एरवी अमेरिकेत. तिथल्या एका शहराच्या पोलीस खात्यात ती नोकरीला होती, पण अंगावर वर्दी नाही आणि कमरेला पिस्तूल नाही. एका गोळीबारातून दुसरा होऊ द्यायचा नाही, हे तिचं काम. वस्तीतले पाद्री, तुरुंगातून सुटून शहाणे झालेले जुने गुंड, हॉस्पिटलातल्या नर्सा, सगळ्यांची मोट तिनं बांधली होती. कुठे कुणाला गोळी लागली की फोन आधी तिला. मेलेल्याच्या घरचे पुरुष बाहेर पडले की दुसरा मुडदा पडतो, हे तिनं बघितलं होतं. मग त्यांना बाहेर पडूच द्यायचं नाही. आणि त्यासाठी या बाईनं काय काढलं असेल, तर आपलं सुतक! दहा दिवस पुरुषांनी उंबरा ओलांडायचा नाही, जेवण शेजाऱ्यांनी आणायचं, आणि सगळ्यांचे बूट ताईच्या निळ्या कॅनव्हासच्या पिशवीत, आणि पिशवी मेलेल्याच्या आईच्या ताब्यात. ज्यानं मारलं त्याच्या घरचेही बूट त्याच पिशवीत, कारण ते घरही भेदरून गोळ्या भरत बसलेलं असतं. मी तिची खूप टिंगल केली. म्हटलं, अनवाणी माणसाला बंदूक चालवता येत नाही का? ती म्हणाली, "येते ना. पण बूट मागायला आईसमोर उभं राहावं लागतं." मयताच्या एका भावानं तिच्या छातीला पिस्तूल लावलं होतं. ती त्याला म्हणाली, आधी डावा काढ.

एकदा मात्र ती चुकली होती. चौथ्या दिवशी घर शांत दिसलं, पोरं जेवली, हसली सुद्धा. तिनं बूट परत द्यायला सांगितलं. पाचव्या दिवशी त्याच पोरांनी न्हाव्याच्या दुकानात दोघांना गोळ्या घातल्या. एकाच्या गळ्याभोवतीचा कपडा तसाच होता आणि फरशीवर कापलेले केस रक्तात भिजून चिकटले होते. आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून तिनं हे सांगितलं, माझी मुलगी सानिका समोर होती म्हणून मी रागावलोही. ताई म्हणाली, "ऐकू दे तिला. चौथा दिवस वाईट असतो."

भावाला लग्न झालेल्या बहिणीचं सुतक तीन दिवसांचं. सुतकबितक मी एरवी कुठे पाळतो, पण या वेळी मी दिवस बरोबर मोजले होते. पासपोर्ट जमा करून पोलिसांनी मिलिंदला घरी सोडलं होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लिफ्टपाशी त्याचा आवाज ऐकला आणि गाडीतला चाकाचा पाना वर आणून दाराआड ठेवला. चौथ्या दिवशी सकाळी आंघोळ केली, शर्ट घातला. मला त्याचे गुडघे फोडायचे होते, आणि खरं सांगायचं तर गुडघ्यांवर मी थांबलो नसतो. दाराशी आलो तर रॅकवर माझा एकही बूट नाही. चपलासुद्धा नाहीत. दाराला पाठ लावून सानिका उभी, छातीशी ताईच्या सामानातली ती निळी पिशवी.

"आत्या सेड टेन डेज, बाबा. बोथ हाउसेस. मिलिंद अंकल्स आर इन हिअर टू."

मी पाना उगारला. पोरीवर नाही, रॅकवर घातला. पण ती हातभर अंतरावर होती आणि लाकडाच्या ढलप्या तिच्या अंगावर उडाल्या. आरसा फुटला. मी घालतच राहिलो. ती जागची हलली नाही. मेघा मागून म्हणाली, "ताईंच्या हिशेबात दहा आहेत." मी ओरडलो, "ती माझी बहीण होती, तुझी नाही." ती म्हणाली, "म्हणूनच बूट आम्ही काढून घेतले." सानिकाच्या कपाळावर काच लागून रक्ताची बारीक धार आली होती. मी खाली बसलो. तो तिसरा मजला त्या दिवशी माझ्यापासून वाचला तो असा.

उरलेले सहा दिवस मी घरात काढले. पाचव्या मजल्यावरच्या रत्नागिरीच्या सलमाभाभी डबे आणत. तोच डबा मिलिंदकडेही जातो हे कळल्यावर मी तो भिंतीवर फेकला. भाभींनी दुसरा आणला. "तुमचं फेकणं खलास झालं की सांगा भाऊ, अजून आहे." अकराव्या दिवशी सानिकानं पिशवी उघडली. माझे बूट घेतले. मिलिंदचे राहिले. तो न्यायला आला नाही आणि द्यायला कोण जाणार...

आज सहा आठवडे झाले. पिशवी नव्या रॅकच्या खुंटीला आहे, आत त्याचे काळे बूट. ताई म्हणायची, माफ करा असं मी कुणाला कधी सांगितलं नाही, दहा दिवस बसा एवढंच सांगितलं. मीही माफ केलेलं नाही. पण उद्या मिलिंदची कोर्टाची तारीख आहे, आणि त्याच्याकडे चांगले बूट पिशवीतले हे एवढेच आहेत हे मला ठाऊक आहे, कारण ते विकत घेताना मीच त्याच्याबरोबर होतो. मघाशी त्यांना पॉलिश करायला घेतलं. ब्रश मारताना माझे दात आवळलेले होते. डावा झाला आहे, उजवा करतो आणि खाली देऊन येतो.