आप्पांच्या अंगणातले अडतीस ठिपके

"तू शिरपाची लेक न्हवं? मग तुला खुर्ची कशाला लागत्या? बस की पायरीवर."

आप्पा हे हसत बोलले. रागावून बोलले असते तर उत्तर देणं सोपं गेलं असतं. त्यांच्या घरापुढच्या सोप्यात चार खुर्च्या होत्या. एकीवर माझी वर्गमैत्रीण केतकी बसली होती, हातात बशीसकट कप घेऊन. ती बेळगावच्या वकिलांची मुलगी. मी याच गावची, गावाबाहेरच्या दलित वस्तीतली. दोघी भूगोलाच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. मार्गदर्शक एकच, मोबाइलवरचा प्रश्नांचा अर्जही एकच.

मी पायरीवर बसले.

निपाणी आणि संकेश्वरच्या मधलं, कर्नाटकाच्या हद्दीतलं आमचं गाव. राजकीय भूगोल शिकू लागले तेव्हा ते गाव पहिल्यांदा मला अभ्यासाच्या लायकीचं वाटलं. सत्ता जमिनीवर पसरते कशी, कुठे अडते, एक रेघ ओढली गेल्यावर तिच्या दोन्ही बाजूंची माणसं पिढ्यान्‌पिढ्या का झगडतात, हे सारं मोजता येतं म्हणे. म्हणून प्रबंधाचा प्रश्न मीच सुचवला. सीमेवरच्या गावातल्या प्रत्येक घराला कोणत्या राज्यात राहायचं आहे, आणि का?

आप्पा गावचे पुढारी. सीमाप्रश्नाच्या मोर्चात सर्वांत पुढे तेच. अन्यायाबद्दल ते बोलू लागले की माझेही डोळे भरून येत, कारण तो अन्याय खरा होता. कचेरीतला कानडी कागद उलटा धरून उभी असलेली माझी आई मी पाहिली आहे.

"वस्तीवर कशाला हिंडतीस उन्हात?" आप्पा म्हणाले. "अडतीस घरं. मी सांगतो, लिव्ह. सगळी महाराष्ट्रात."

"आप्पा, प्रत्येकाला विचारावं लागतं."

"मग इचार की. तुझा बा हितंच हाय." त्यांनी घरामागच्या परड्याकडे तोंड करून हाक मारली. "ये शिरपा, लेक आल्या बघ, सायबीण हून."

माझे वडील त्यांच्या गोठ्यात रोजगाराला. शेणाची बुट्टी डोक्यावर घेऊन ते आले आणि अंगणाच्या कडेला थांबले. कुठे थांबायचं ते कुणी आखून दिलेलं नव्हतं. त्यांना ते इंचापर्यंत ठाऊक होतं. मी प्रश्न वाचला. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

"आप्पा म्हंतील तसं."

केतकी कपात बघत राहिली. मी 'महाराष्ट्र' दाबलं. मग आप्पा नावं सांगत गेले आणि उरलेल्या सदतीस घरांसाठीही मी तेच दाबत गेले. मला फक्त तिथून उठायचं होतं. हा अपराध माझा. तो मी कुणाच्या नावावर टाकणार नाही.

संध्याकाळी घरी वडिलांना पुन्हा विचारलं. इथं कुणी नाही, आता सांगा. ते बराच वेळ पाय धूत राहिले.

"तू परीक्षा दिऊन जाशील, बाई," ते म्हणाले. "मला उद्या त्याच परड्यात जायाचं हाय."

पुढे विचारायचं धाडस मला झालं नाही.

आठवड्याने प्रयोगशाळेत सगळी उत्तरं नकाशावर उतरवली. ज्या जागी उत्तर नोंदवलं, ती जागा मोबाइलच्या जीपीएसवरून अर्जात आपोआप नोंदली जाते. हे मला ठाऊक होतं, आणि त्या दिवशी मी विसरले होते. पडद्यावर गाव उमटलं. गावठाणातली घरं केतकीने दारोदार जाऊन नोंदवली होती. त्यांचे ठिपके ज्याच्या त्याच्या घरावर. वस्ती कोरी. आणि आप्पांच्या अंगणात, एकावर एक, अडतीस. उपकरणाची चार-पाच मीटरची चूक धरूनही त्यांतला एकही अंगणाबाहेर जात नव्हता.

तळाचा ठिपका माझ्या वडिलांचा. मी तिथेच, सगळ्यांसमोर, रडले.

आमच्या मार्गदर्शक सरांनी पाहिलं. "ठिपके ज्याच्या त्याच्या घरावर सरकव. पाच मिनिटांचं काम आहे. उत्तर तर तेच राहणार."

"सर, उत्तर कुणाच्या अंगणात दिलं गेलं, हेच यातलं मोजमाप आहे."

"सीमाप्रश्न भाषेचा आहे. त्यात वस्ती आणून आपल्याच माणसांत फूट पाडू नकोस. बाहेरचे परीक्षक हा नकाशा बघून तुला पास करतील?"

"सरकव गं," केतकी हळूच म्हणाली. "कुणाला कळणार आहे?"

"मला," मी म्हणाले.

आपली माणसं. रिकाम्या खुर्च्यांपैकी एकीवरही ज्यांनी मला बसू दिलं नाही, ती.

मी ठिपके सरकवले नाहीत. अडतीस उत्तरांपुढे लिहिलं: 'दुसऱ्याने सांगितलेले, ग्राह्य नाही.' नोंद चुकीची करणारी म्हणून स्वतःचं नाव घातलं. त्या अडतीस कुटुंबांची नावं काढून टाकली आणि नकाशा तसाच छापून दिला.

वडिलांना सांगितलं. "आप्पांना कळंल," एवढंच ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे कामाला गेले. तेव्हापासून ते माझ्याशी जेवणापुरतं बोलतात. मला ते सोसत नाही. तरी नकाशा मागे घेतलेला नाही.

तोंडी परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. नापास करायचं तर करोत. या अडतीस घरांना कोणतं राज्य हवं आहे, असं विचारलं तर मी सांगेन: त्यांना अजून कुणी विचारलेलं नाही. मीसुद्धा नाही. आणि न भिता उत्तर देता येईल असं ज्या दिवशी त्यांना विचारलं जाईल, त्या दिवसापर्यंत माझ्या हातून वस्तीवर एकही ठिपका पडणार नाही.