फाटका कोपरा

लॅबमधून दुरुस्त होऊन आलेलं पोस्टकार्ड मी हातात घेतलं. फाटलेल्या कोपऱ्यावर जपानी कागदाचा तुकडा इतका बेमालूम बसवला होता की आधी मी कौतुकच केलं. मग मजकूर वाचला. ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आमच्या भगिनी कुसुम यांचे निधन झाले.’

वाईट बातमीच्या कार्डाचा कोपरा आपल्याकडे मुद्दाम फाडत. हे मला लहानपणापासून ठाऊक, आणि मीच तो बुजवायला पाठवला होता.

मी अमेरिकेत ॲन आर्बरला युनिव्हर्सिटी लायब्ररीत आर्किव्हिस्ट आहे. जुने कागद लावायचे, त्यांच्या याद्या करायच्या, हे काम. एका अमेरिकन कादंबरीकार बाईंनी आयुष्यभराची पत्रं आम्हाला दिली. देताना म्हणाल्या, “कुसुमने माझी कादंबरी मराठीत आणली. पंधरा वर्षं पत्रं लिहिली, मग एकदम थांबली. माझं काय चुकलं ते सापडलं तर कळव.”

मी मोठ्या तोऱ्यात हो म्हणाले. नंतर पत्रांची खोकी आठ महिने पडून राहिली. बॉस लिंडा रोज विचारायची, “शेल्फ किती फूट भरलं?” खराब कागदांच्या यादीत एक ओळ होती: पोस्टकार्ड, भारतीय लिपी, कोपरा नाही, दुरुस्ती करायची का? मी कार्ड न बघताच टिक केलं. उंटावरून शेळ्या हाकल्या.

कार्ड ज्या फोल्डरमधलं होतं, त्यात कार्डानंतर बाईंनी कुसुमला पाठवलेल्या सात पत्रांच्या कार्बन कॉपी होत्या. प्रत्येकीत माफी मागितली होती.

मी बाईंना फोन केला. “कुसुम रागावली नव्हती. ती गेली होती. तिच्या भावाने तुम्हाला मराठीत कळवलं होतं.”

त्या म्हणाल्या, “मला वाटलं, ती इतकी चिडली की मला इंग्रजीत लिहिणंही सोडलं.”

“मी हे आधीच वाचायला हवं होतं.”

“तुझ्याकडे कधीपासून होतं?”

“आठ महिने.”

“मागच्या महिन्यात त्या कादंबरीची नवी आवृत्ती निघाली. आधीच्या आवृत्तीत पहिल्या पानावर ‘कुसुमला’ अशी अर्पणाची ओळ होती. या वेळी मीच ती काढायला लावली.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लिंडाने समजूत घातली. “डोंट वरी. आपली प्रत्येक दुरुस्ती उलटवता येते.” खरंच, खळ ओली केली आणि तुकडा अलगद सुटला. कार्ड भावाने पाठवलं होतं तसं झालं. पुस्तक मात्र छापून गेलं होतं.

आता कागद हातात घेतल्याशिवाय मी टिक करत नाही.