मागे घेतलेली नोटीस आणि ओले मीठ

माझ्या हातून आजवर किती नोटिसा गेल्या याची मोजदाद मी ठेवलेली नाही. परंतु त्यांपैकी एकच मी आपण होऊन मागे घेतली. ज्या दोन माणसांमुळे ती मागे घेण्याची सद्बुद्धी मला झाली, त्यांचे ऋण लेखी मान्य करावे, एवढ्याचसाठी हे लिहीत आहे.

नंदुरबारला वकिली सुरू केली तेव्हा पहिले वर्षभर माझ्या ओट्यावर एकही पक्षकार चढला नाही. बाजारातल्या एका बोहरी शेठजींच्या दुकानात मी बसत असे. ते किराणा आणि थोडा परदेशी माल ठेवीत. माल घ्यायला आलेल्या माणसाजवळ भांडणाचा वास लागला, की शेठ माझ्याकडे बोट दाखवीत आणि म्हणत, "हे साहेब तापट आहेत, पण कागद पक्का करतात." माझे पहिले तीन दावे त्या बोटाने मिळवून दिले. कोर्टातून परतल्यावर एक चिरूट ओढण्याची सवयही मला त्याच दुकानात लागली. त्रिचनापल्लीहून शेठ माझ्यासाठी पेटी मागवीत, आणि हा क्रम अठरा वर्षे बिनबोभाट चालला.

मग आम्ही नव्या घरात राहायला गेलो. घरावर पत्रे होते आणि माझ्या बैठकीची भिंत पश्चिमेला होती. त्या चैत्रात पेटी उघडून चिरूट बोटांत धरला, तर वरचे पान तडकले आणि तंबाखू धोतरावर सांडली. दुसरा काढला, त्याचीही तीच गत. मी तिथेच ठरवले, की शेठने जुना, सुकलेला माल माझ्या गळ्यात बांधला. चौकशीला दुकान चार पावलांवर होते. पण मी दौत पुढे ओढली आणि इंग्रजीत कलमवार नोटीस लिहिली: माल सदोष आहे, विश्वासाचा भंग झाला आहे, सात दिवसांच्या आत लेखी खुलासा न आल्यास पुढील इलाज करण्यात येईल. ती मी रजिस्टर पोस्टाने पाठवली. चार पावलांवरच्या दुकानाला.

लेखी खुलासा आला नाही. तिसऱ्या दिवशी शेठ स्वतः आले आणि उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. खिशातून त्यांनी एक चिरूट काढून माझ्या हातावर ठेवला. तो मऊ, दाबला तर पुन्हा फुगणारा होता.

"तुमच्याच पार्सलातला आहे हा, वकीलसाहेब. एक पेटी तुम्ही नेली, एक माझ्याकडे राहिली."

"मग माझी का वाळली?"

"ते तुम्ही जाणा. मला इंग्रजी कागद वाचता येत नाही. जावयाने वाचून दाखवला. 'विश्वासाचा भंग'. मोठ्याने वाचला त्याने, दुकानात, गिऱ्हाइकांसमोर." जाण्यासाठी वळत ते म्हणाले, "पुढची पेटी मुंबईहून मागवा."

ते गेले. त्यानंतर बाजारातून जाताना ते बोट माझ्याकडे वळेनासे झाले. मला दाव्यांची चिंता नव्हती; त्या दुकानातली माझी जागा गेली होती, आणि ती मीच घालवली होती का, हे मला ठरवायचे होते. संशय होता, पण पुराव्याशिवाय स्वतःविरुद्धही निकाल देणे मला जमत नाही.

म्हणून मी प्रयोग मांडला. दोन चिरूट ओल्या फडक्यात गुंडाळले. आठवड्यात त्यांवर पांढरी बुरशी आली. आणखी दोन बटाट्याच्या कापांसोबत ठेवले. ते मऊ झाले, पण ओढताना भाजीचा वास येई. मग मी सकाळी ओट्यावर बसून एकेका चिरुटावर बोटांनी पाणी शिंपडू लागलो.

आमच्या घरासमोर मिरच्या वाळवण्याचे मैदान होते. तिथे काम करणारी, साधारण माझ्याच वयाची एक बाई आमच्या रांजणातले पाणी प्यायला रोज येई. माझा उद्योग पाहून ती थांबली.

"बिड्यासले पानी कसाले पाजी ऱ्हायनात, आबा?"

मी जरा चिडूनच कारण सांगितले. ती हसली. मग तिने मला मिरचीचा कायदा सांगितला: "दुपारले भरतांना मिरचीना चुरा व्हस. पानी मारं ते कायी पडस. म्हणीसन आम्ही सकायले भरतस, हवा नरम ऱ्हास तवय. पानले पानी नको, आबा. हवाले द्या."

पाणी मारलेली मिरची काळी पडते, सकाळच्या नरम हवेत भरलेली तुटत नाही; पाणी पानाला नव्हे, हवेला. नव्या घरात आल्यापासून उन्हे चढण्याआधी समोर त्यांना पोती भरताना मी पाहत होतो, आणि हीच वेळ का, हे विचारण्याची गरज मला कधी वाटली नव्हती. तिने फुटक्या मडक्याची एक खापर रांजणात बुडवली, पदराने पुसली आणि दिली. "हाई ठेवा पेटीमा. बिडीले भिडू देऊ नका."

आठ दिवसांत पेटीतले चिरूट दबू लागले. निकाल लागला: माल निर्दोष, घर कोरडे, फिर्यादी दोषी. आभार म्हणून मी त्या बाईला एक चिरूट दिला. तिने तो पेटवला, एक झुरका घेतला आणि खोकत खोकत म्हणाली, "यानापेक्षा मन्ही मिरची बरी!"

खापरेत एक उणीव होती. ती दोन दिवसांत सुकत असे, आणि शहाद्याला कामासाठी राहून आलो की पेटीत पुन्हा वाळल्या पानांची कुरकुर ऐकू येई. परंतु पेटीचा प्रश्न त्या वेळी दुय्यम होता. मी नोटीस मागे घेण्याचे पत्र लिहिले, पोस्टात न टाकता दुकानात गेलो, आणि ज्या जावयाने ती वाचली होती त्याला बोलावून, गिऱ्हाइकांसमोर, मोठ्याने वाचले: 'विश्वासाचा भंग झाला असल्यास तो नोटीस देणाऱ्याकडून झाला आहे.'

शेठने मला बसायला सांगितले. माझी जागा रिकामीच होती. मी खापरेची हकिकत आणि तिची उणीव दोन्ही सांगितली, तेव्हा ते उठले आणि मागचे कपाट उघडले. चिरुटांच्या पेट्यांखाली चिनी मातीची एक वाटी होती. तिच्यात ओलेगच्च, खिरीसारखे मीठ.

"पाण्यात मीठ नव्हे, मिठात पाणी," ते म्हणाले. "उन्हाळ्यात मोजकी ओल देतं, पावसाळ्यात स्वतःच पितं. वाळायला लागलं की दोन चमचे पाणी घालायचं. पंधरा-वीस दिवस बघावं लागत नाही."

"हे आधी का सांगितलं नाही, शेठ?"

"तुम्ही विचारलं कुठे? नोटीस पाठवली."

सगळे हसले; जावई सर्वांत मोठ्याने. त्यांनी ती वाटी धुऊन, पुसून, नव्या मिठासह माझ्या हातात दिली. मी किंमत विचारली, तेव्हा ते पुन्हा गादीवर बसत म्हणाले, "हा तुमच्या नोटिशीचा खुलासा. मुदतीत देता आला नाही, एवढी माफी असावी."

ती वाटी माझ्या पेटीत अजून आहे. एका बाजूला तिची कड उडाली आहे. बदलावी असे घरचे म्हणतात. मी नकार दिला आहे, तोंडी.