मधाच्या चवीचा माल्ट

गिरणीत भाजक्या सातूंचा वास आला की मला मांडवीतलं थोरल्या भावाचं स्वयंपाकघर आठवतं. बोटीवरची नोकरी संपल्यावर तो घरी बिअर करायचा, आणि तिच्यात घालायचा फिकट माल्ट, म्हणजे मोड आणून हलके भाजलेले सातू, दाणे चावूनच निवडायचा. घशाच्या कॅन्सरवरच्या किरणोपचारांत त्याच्या जिभेची चव गेली होती. "आली परत," असं तो महिनाभर सांगत होता. त्या दुपारी वहिनीने दोन बशा पुढे ठेवल्या. त्याने डोळे मिटून दोन्हींतले दाणे सावकाश चावले. "हा बिस्किटासारखा, हा मधासारखा. पाच किलोला अडीचशे ग्रॅम मधासारखा घालूया. काय रे मेल्या, गप्पसा?" मी टेबलाकडे बघत होतो. वहिनीने घाईत दोन्ही बशा बिस्किटाच्या चवीच्या माल्टनेच भरल्या होत्या. दुसरं पाकीट अजून बंदच होतं. तिच्याही ते तेव्हाच लक्षात आलं. "बरोब्बर ओळखलंत हो," म्हणत तिने पाकिटावर हात ठेवला. भावाने डोळे उघडले, त्या हाताकडे पाहिलं आणि तोंडातला कोंडा गिळला. त्यानंतर त्याने बशा कधीच मागितल्या नाहीत. तो गेल्यावर वहिनीने ते पाकीट मला दिलं. मी ते वजन करून ठेवलंय. पाचशे ग्रॅम, पूर्ण भरतात.